पोटातल्या गोळ्याला सुई लावायची की नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘पोटात गोळा आलाय’ हे वाक्य इतक्या निरनिराळ्या आजारांसाठी वापरले जाते की त्यावरून डॉक्टरला फारसे काही कळत नाही, आणि तरीही सगळी तपासणी त्याच वाक्यापासून सुरू होते. हा गोळा बहुतेक वेळा गर्भाशयातला फायब्रॉइड (स्नायूची निरुपद्रवी गाठ) असतो, अंडाशयातली साधी पाण्याची गाठ असते, सुजलेल्या अपेंडिक्सभोवती आतडी आणि चरबी चिकटून तयार झालेला गठ्ठा असतो किंवा पोटाचा क्षयरोग असतो. कधी कधी तर नुसती गच्च भरलेली लघवीची पिशवीच हाताला लागते आणि नळी घातल्याबरोबर गोळा नाहीसा होतो. उरलेल्या थोड्या रुग्णांमध्ये मात्र तो एखादा दुर्मीळ ट्यूमर निघतो, आणि हा लेख त्या थोड्यांविषयी आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाचे पोट मी उघडत नाही. उघडल्यावर जे बाहेर काढले जाते ते माझ्या टेबलावर येते. त्यामुळे गाठ कशी काढली यापेक्षा ती काढण्याआधी काय विचार झाला होता, हे मला अनेकदा अधिक स्पष्ट दिसते.

‘दुर्मीळ’ या शब्दाचा अर्थ आधी पाहू. युरोपात वर्षाला एक लाख लोकांमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७ लाख ८० हजार होती. म्हणजे एखाद्या कर्करोगाचे वर्षाला पावणेतीनशेहून अधिक नवे रुग्ण या एकाच जिल्ह्यात निघाले तरी तो या व्याख्येत दुर्मीळच ठरेल. शिवाय असे दुर्मीळ प्रकार शेकड्याने आहेत. त्यामुळे प्रत्येक प्रकार क्वचित दिसत असला तरी ‘कुठला तरी दुर्मीळ ट्यूमर’ ही गोष्ट क्वचित घडणारी नाही. अडचण अशी की आयुष्यात हजारभर फायब्रॉइड काढलेल्या सर्जनचा हात आणि डोळा फायब्रॉइडला सरावलेला असतो, आणि फायब्रॉइडसारखा दिसणारा सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) त्याच्यासमोर येतो तेव्हा तोही फायब्रॉइडच्याच वेषात येतो.

निदानाची पहिली खूण यंत्रात सापडत नाही, ती रुग्णाच्या वयात असते. चौदा वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटात काही आठवड्यांत वाढलेली भरीव गाठ असेल, तर साठीतल्या बाईला होणारा अंडाशयाचा नेहमीचा कर्करोग तिथे जवळजवळ नसतो. तिथे बीजपेशींपासून निघणाऱ्या गाठींचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्ततपासण्या शस्त्रक्रियेच्या आधी कराव्या लागतात. गाठ काढल्यावर हे आकडे उतरू लागतात, म्हणून आधीचा आकडा हातात नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. उलट, पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले आणि सोबत अंडाशयात भरीव गाठ असली, तर ती गाठ स्वतःच स्त्रीसंप्रेरक तयार करत असण्याची शक्यता असते. तिला ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर म्हणतात, आणि तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

रक्तातल्या ज्या तपासणीचे नाव आता घरोघरी माहीत झाले आहे ती म्हणजे सीए-१२५. तिची नेहमीची मर्यादा ३५ मानतात. हा आकडा अंडाशयाच्या कर्करोगात वाढतो हे खरे, पण तो एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि पाळीच्या दिवसांतही वाढतो. म्हणून तो एकटा वाचायचा नसतो. डॉक्टर एक साधा गुणाकार करतात. सोनोग्राफीतल्या पाच संशयास्पद खुणांपैकी, म्हणजे अनेक कप्पे, भरीव भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा यांपैकी, एक असेल तर १ गुण आणि दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी सुरू असेल तर १, गेली असेल तर ३. आणि या दोहोंना सीए-१२५ च्या आकड्याने गुणायचे. समजा दोन बायकांचा सीए-१२५ सारखाच, ४० आहे. पहिलीची पाळी चालू आहे आणि सोनोग्राफीत एकच खूण आहे, तर उत्तर ४०. दुसरीची पाळी गेली आहे आणि तीन खुणा आहेत, तर उत्तर ३६०. दोनशेच्या वर उत्तर गेले की स्त्रियांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडे पाठवावे, असा संकेत आहे. मात्र हे गणित नेहमीच्या कर्करोगासाठी बांधलेले आहे. चौदा वर्षांच्या त्या मुलीला ते लावले तर उत्तर लहान येईल आणि सगळ्यांना खोटा धीर मिळेल.

क्षयरोगाचा मुद्दा आपल्या भागात वेगळा सांगायलाच हवा. पोटात पाणी, आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा जाड झालेला, वजन घटलेले आणि सीए-१२५ कित्येक शेकड्यांत: हे चित्र पसरलेल्या कर्करोगाचे असते आणि हुबेहूब पोटाच्या क्षयरोगाचेही असते. सीटी स्कॅनवरून दोन्ही वेगळे करणे अनेकदा जमत नाही. दुर्बिणीतून पाहून पोटाच्या अस्तराचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला तर प्रश्न सुटतो, आणि तो क्षयरोग निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या औषधाने बाई बरी होते. तो तुकडा न काढता थेट मोठी शस्त्रक्रिया केली, तर पंचविशीतल्या मुलीचे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय ज्या रोगाला गोळ्या पुरल्या असत्या त्या रोगासाठी जातात. याच्या जोडीला मेग्ज सिंड्रोमही लक्षात ठेवावा. १९३७ मध्ये वर्णन झालेल्या या स्थितीत अंडाशयात फायब्रोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते, पण पोटात आणि छातीतही पाणी भरते, आणि घरचे लोक ‘शेवटची स्टेज’ म्हणून आशा सोडून बसतात. गाठ काढली की दोन्हीकडचे पाणी आपोआप ओसरते.

आता शीर्षकातला प्रश्न. येळ्ळूरच्या एका काकूंच्या मुलाने मला प्रयोगशाळेच्या खिडकीशी विचारले होते, “डॉक्टर, गाठीला सुई लावली की ती चवताळते म्हणतात. खरं काय ओ?” त्याला मी दिलेले उत्तर इथेही तेच देतो: गाठ कुठे आहे त्यावर ते अवलंबून आहे.

अंडाशयापुरती मर्यादित, कवच शाबूत असलेली संशयास्पद गाठ असेल तर बाहेरून सुई लावू नये. अशा गाठीतले पाणी पोटात सांडले तर पेशीही सांडू शकतात, आणि कवच शस्त्रक्रियेत फुटले तरी रोगाचा टप्पा ‘एक-अ’ वरून ‘एक-क’ वर जातो. एरवी टळली असती अशी केमोथेरपी त्यामुळे गळ्यात पडू शकते. ती गाठ अख्खी, न फोडता, गरज पडल्यास पिशवीत घालून बाहेर काढायची असते. काकूंच्या मुलाची भीती या एका जागी रास्त आहे.

पोटाच्या मागच्या भिंतीलगत, मूत्रपिंडाच्या आसपास वाढणाऱ्या गाठीचे मात्र उलट आहे. तिथे लायपोसार्कोमा (चरबीचा कर्करोग) असू शकतो, लिम्फोमा (लिम्फ ग्रंथींचा कर्करोग) असू शकतो किंवा क्षयाच्या गाठी असू शकतात, आणि तिघांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. लिम्फोमा औषधाने जातो आणि त्याच्यासाठी पोट फाडण्याचे कारण नसते. लायपोसार्कोमाला पहिलीच शस्त्रक्रिया मोठी आणि पूर्ण लागते. म्हणून तिथे सीटी स्कॅनवर पाहत, पाठीच्या बाजूने जाडसर सुई घालून दोऱ्याएवढे तीन-चार तुकडे घ्यावेत. अशा सुईच्या वाटेवर रोग रुजणे फार क्वचित घडते. त्यापेक्षा न समजता केलेली अर्धवट शस्त्रक्रिया कितीतरी अधिक नुकसान करते.

तिसरी जागा धोक्याची आहे. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी असते आणि तिच्यात फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते. अधूनमधून घाम फुटणे, धडधडणे, डोके ठणकणे आणि रक्तदाब एकाएकी चढणे, ही तिची लक्षणे; घरात याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि गावातला डॉक्टर कधीकधी झोपेची गोळी देतो. या गाठीला सुई टोचली किंवा तयारीशिवाय भूल दिली तर रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो. आधी रक्त किंवा लघवीतले मेटानेफ्रिन (या गाठीच्या संप्रेरकांपासून बनणारे द्रव्य) तपासायचे, मग काही दिवस रक्तवाहिन्या सैल करणारी अल्फा ब्लॉकर जातीची औषधे द्यायची, गरज पडल्यास त्यानंतरच हृदयाची धडधड कमी करणारे बीटा ब्लॉकर, आणि मग शस्त्रक्रिया. हा क्रम उलटला तर औषधच घात करते.

शस्त्रक्रियेबद्दल लोकांची एक ठाम समजूत असते की जितके जास्त काढले तितके चांगले. दुर्मीळ गाठींच्या बाबतीत हे मोजमाप फसते. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या जिस्ट या ट्यूमरमध्ये सहसा लिम्फ ग्रंथी काढाव्या लागत नाहीत, कारण त्या वाटेने तो क्वचितच पसरतो. तिथे महत्त्व असते ते कवच न फोडता, थोडी निरोगी कड ठेवून गाठ उचलण्याला. गाठ फुटली असेल किंवा परतण्याची जोखीम जास्त असेल तर त्यानंतर तीन वर्षे इमॅटिनिब ही गोळी देतात. हे औषध अमेरिकेत जिस्टसाठी २००२ मध्ये मंजूर झाले आणि एका जवळजवळ औषध नसलेल्या रोगाचे चित्र पालटले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारले. त्या काळी मूळ कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर आणि भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांत होते, हा फरक पाहिला की तो निकाल अथणीच्या ऊसतोड मजुराच्या घरापर्यंत कसा पोचतो ते समजते.

लायपोसार्कोमात मात्र हात आखडता घेऊन चालत नाही. गाठ मऊ, पिवळी, चरबीसारखी असते, कधी दहा किलोंच्या पुढे जाते, आणि रुग्णाला इतकेच जाणवते की साडीची गाठ किंवा पायजम्याची नाडी पुरत नाही. तिला मूत्रपिंड किंवा मोठ्या आतड्याचा भाग चिकटलेला असेल तर तो तिच्यासकट एकत्र काढतात. ही गाठ दूर पसरण्यापेक्षा त्याच जागी परत येते, आणि प्रत्येक पुढच्या शस्त्रक्रियेत पूर्ण निघण्याची शक्यता कमी होत जाते.

बीजपेशींच्या गाठीत पुन्हा उलट. त्या चौदा वर्षांच्या मुलीची एक बाजूची गाठ, तिच्या नळी आणि अंडाशयासह काढतात; दुसरे अंडाशय आणि गर्भाशय जागच्या जागी ठेवतात. या गाठी केमोथेरपीला इतका चांगला प्रतिसाद देतात की त्यांतला डिसजर्मिनोमा हा प्रकार लवकर सापडला तर दहापैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात, आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मुलेही होतात. ‘पिशवीच काढून टाका, झंझट नको’ हे आपल्याकडचे आवडते वाक्य इथे उच्चारू नये. ते मला तसेही आवडत नाही, पण इथे ते अन्यायाचे आहे.

पोटात जेली साचण्याचाही एक आजार आहे, स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. दहा लाखांत वर्षाला जेमतेम एक ते चार जणांना तो होतो. बाईचे पोट वाढते, सोनोग्राफीत अंडाशय मोठे दिसते, आणि सगळा दोष अंडाशयावर येतो. मुळात मात्र तो बहुतेक वेळा अपेंडिक्समधल्या करंगळीएवढ्या गाठीतून निघालेला असतो. म्हणून अशी जेली दिसली की अपेंडिक्स काढून माझ्याकडे पाठवा, एवढे मी सर्जनमित्रांना सांगत असतो. यात पोटाच्या अस्तरावरचा सगळा रोग तासन्‌तास खपून सोलून काढतात आणि मग सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापवलेले केमोथेरपीचे द्रावण पोटातच फिरवतात. हे काम रोज करणाऱ्या मोजक्या केंद्रांतच करावे.

गर्भाशयाच्या सार्कोमाची गोष्ट सावधगिरीची आहे. दुर्बिणीने काढलेला मोठा फायब्रॉइड लहान छिद्रातून बाहेर यावा म्हणून मॉर्सेलेटर नावाच्या फिरत्या पात्याने त्याचे पोटातच तुकडे करण्याची पद्धत रूढ झाली होती. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की फायब्रॉइड म्हणून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला न कळलेला सार्कोमा असतो, आणि पात्याने तो पोटभर उडतो. तेव्हापासून तुकडे करायचेच असतील तर बंद पिशवीत करण्याकडे कल आहे. पाळी गेल्यानंतरही वाढत राहणारा फायब्रॉइड असला, तर छोट्या छिद्राचा आग्रह रुग्णाने धरू नये.

काही गाठी तर काढूच नयेत, निदान लगेच नाही. बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूत उमटणारा डेस्मॉइड (तंतुमय गाठ) दूर पसरत नाही, आणि त्याच्यातले बरेच स्वतःहून थांबतात किंवा आकसतात; त्यामुळे आता आधी काही महिने एमआरआयने नजर ठेवतात. सिझेरियनच्या व्रणातली, पाळीबरोबर दुखणारी गाठ मात्र बहुधा डेस्मॉइड नसून तिथे रुजलेले गर्भाशयाचे अस्तर असते.

एवढे सगळे आधी ठरवणे ही अलीकडची चैन आहे, हे मान्य करायला हवे. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या अंडाशयातली सुमारे दहा किलोंची गाठ आपल्या घरात, भूल न देता, पंचवीस मिनिटांत काढली. तिला आधी गरोदर समजले होते. ईथरची भूल यायला अजून ३७ वर्षे होती. ती बाई त्यानंतर ३२ वर्षे जगली, पण त्या धाडसाला सोनोग्राफीची पर्यायी वाट उपलब्ध नव्हती, आपल्याला आहे.

गाठ बाहेर आली की माझे काम सुरू होते. सर्जनला टेबलावरच उत्तर हवे असेल तर तुकडा गोठवून वीस-तीस मिनिटांत फ्रोझन सेक्शनचा अंदाज देता येतो. पण पंचवीस सेंटीमीटरच्या गाठीतले दोनच तुकडे मी त्या वेळात पाहिलेले असतात, म्हणून तो अंदाजच. पक्क्या अहवालासाठी गाठीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे एक तुकडा घ्यायचा, हा आमचा प्रघात आहे.

एकदा तालुक्याच्या गावातल्या एका रुग्णालयातून नातेवाइकांनी बसमधून एक काचेची लोणच्याची बरणी आणली. आत नारळाएवढी गाठ होती, ताजी असताना मऊ असल्यामुळे कशीबशी कोंबलेली, आणि वर चार बोटे फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिनने गाठ घट्ट होते. ती बरणीच्या तोंडातून बाहेर येईना. शेवटी फडक्यात गुंडाळून बरणी फोडावी लागली. गाठ कापली तर बाहेरचा बोटभर थर उत्तम टिकलेला आणि आतला गाभा कुजून राखाडी झालेला, कारण फॉर्मॅलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने शिरते. त्या गाभ्यात काय होते ते कुणालाच कधी कळणार नाही. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, गाठीच्या दहापट दहा टक्के फॉर्मॅलिन, गाठीला मधोमध एक छेद, आणि बरणीच्या अंगावर नाव (झाकणावर नव्हे, झाकणे अदलाबदल होतात), एवढ्याने हे टळले असते.

सीमाभागातल्या रुग्णाचा प्रवास एका गावात संपत नाही. सोनोग्राफी खानापुरात, सीटी स्कॅन बेळगावात, शस्त्रक्रिया कोल्हापूर किंवा मिरजेत, केमोथेरपी हुबळीत, आणि दुसरे मत मुंबईच्या टाटा रुग्णालयात. कागद इंग्रजीत, शिधापत्रिका कन्नडमध्ये आणि बोलणे मराठीत. कर्नाटकाची ‘आरोग्य कर्नाटक’ आणि महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना यांचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी आपली योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तरी कोणत्या रुग्णालयात कोणते कार्ड चालते हे भरती होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. आणि दुसऱ्या मतासाठी जाताना केवळ अहवाल नेऊन भागत नाही. गाठीचे तुकडे ज्यात बसवलेले असतात ते मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ पडते, तेव्हा मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ते ठेवू नयेत.

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमरकडे परत येतो. बहुतेक कर्करोग परतायचे असतील तर पहिल्या पाच वर्षांत परततात; हा दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनीही परततो, तोपर्यंत रुग्ण आणि डॉक्टर दोघेही तो विसरलेले असतात. निपाणीकडची एक मावशी पोटातल्या नव्या गाठीसाठी आली, तेव्हा विडीच्या कारखान्यातल्या तिच्या सोबतिणींनी ‘दुसरा कॅन्सर झाला’ असे ठरवून टाकले होते. सोळा वर्षांपूर्वी ‘पिशवीची गाठ’ काढल्याचे तिला आठवत होते, नाव आठवत नव्हते. पण तिच्या दिवंगत नवऱ्याने ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली, एका बिस्किटाच्या डब्यात दोन ब्लॉक जपून ठेवले होते. त्यांतून नवी स्लाइड कापून मी ती आजच्या बायोप्सीच्या स्लाइडशेजारी ठेवली. दोन्हींत त्याच फिकट पेशी होत्या, आणि दोन्हींतल्या पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीला असते तशी तीच मधोमध उभी घडी.